वर्तुळ तोडणारे नियम

शाळेची कॉम्प्युटर लॅब, पतपेढीची शाखा, डॉक्टरांचं पॉलिक्लिनिक, सोसायटीच्या वॉचमनची केबिन, कुठेही पाहा. भिंतीवर किंवा टेबलाखाली एक चपटा डबा असतो. त्याला आठ, सोळा नाहीतर चोवीस पोर्ट, त्यांत खोचलेल्या निळ्या-करड्या केबल आणि प्रत्येक केबलपाशी लुकलुकणारा हिरवा दिवा. बहुतेक लोक त्यालाही राउटरच म्हणतात. पण तो असतो इथरनेट स्विच. तो ज्या खोक्यातून आला त्या खोक्यावर ८०२.३, ८०२.१डी, ८०२.१क्यू, ८०२.३एएफ असे आकडे छापलेले असतात आणि खोकं रद्दीत जातं तेव्हा ते न वाचताच जातात.

या प्रकरणात ते आकडे वाचायचे आहेत, पण सगळ्यांना सारखी जागा मिळणार नाही. त्यांतला ८०२.१डी मला या सबंध क्षेत्रातली सर्वांत सुंदर कल्पना वाटतो, आणि सर्वांत दुर्लक्षितही तोच आहे. म्हणून मुक्काम त्याच्यापाशी.

आधी आकड्यांची वाचनपद्धत. ८०२ हा आय ट्रिपल ई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेतल्या एका समितीचा क्रमांक आहे. ही समिती फेब्रुवारी १९८० मध्ये कामाला लागली. टिंबानंतरचा आकडा म्हणजे समितीतला गट. गट ३ कडे इथरनेटची तार, तारेवरचे विजेचे इशारे आणि फ्रेमची रचना. गट ११ कडे वायफाय. गट १ कडे जाळी एकमेकांना जोडण्याचे आणि सांभाळण्याचे नियम. शेवटची अक्षरं म्हणजे त्या गटाने काढलेलं एखादं मानक किंवा जुन्या मानकाची दुरुस्ती. म्हणजे खोक्यावर जिथे ८०२.३ दिसेल तिथे तारेची गोष्ट आहे आणि जिथे ८०२.१ दिसेल तिथे डब्याच्या डोक्याची.

एकाच तारेसाठी केलेली रचना

कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे झेरॉक्स कंपनीचं संशोधन केंद्र होतं. तिथल्या बॉब मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहिलं आणि त्यात इथरनेट हे नाव वापरलं. डेव्हिड बॉग्ज यांना सोबत घेऊन त्यांनी ते प्रत्यक्षात आणलं. एक जाड कोअ‍ॅक्सिअल केबल, तिला जागोजागी जोडलेले संगणक आणि सेकंदाला २९ लाख ४० हजार बिट हा वेग. केबल सगळ्यांची सामाईक, त्यामुळे एकाने पाठवलेलं सगळ्यांना ऐकू जाई. दोघे एकदम बोलले तर इशारे एकमेकांवर आदळत, मग दोघेही थांबत आणि प्रत्येक जण आपापल्या मनाने काही क्षण थांबून पुन्हा प्रयत्न करी. आदळलं तर थांबून पुन्हा पाठवायचं, ही कल्पना हवाई बेटांवरच्या अलोहा या रेडिओ नेटवर्कमधून आलेली. सप्टेंबर १९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून सेकंदाला एक कोटी बिट वेगाचा मसुदा प्रसिद्ध केला. १९८३ मध्ये तो थोड्या फरकाने आय ट्रिपल ईचं ८०२.३ मानक झाला.

तारेवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याला फ्रेम म्हणतात. तिची ठेवण अगदी साधी आहे. पहिले सहा बाइट घेणाऱ्याचा पत्ता, पुढचे सहा पाठवणाऱ्याचा, मग दोन बाइट आत काय आहे ते सांगणारे, मग ४६ ते १५०० बाइट मजकूर आणि शेवटी चार बाइट ताळा पडताळण्यासाठी. पत्ता म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस. तो ४८ बिटांचा असतो, म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी वेगवेगळे पत्ते होतात. त्याचा पहिला अर्धा भाग आय ट्रिपल ई उत्पादकाला नेमून देते आणि उरलेला अर्धा उत्पादक स्वतः भरतो. त्यामुळे तैवानमध्ये बनलेलं नेटवर्क कार्ड आणि चाकणमध्ये जोडलेलं यंत्र एकाच जाळ्यात आले तरी पत्त्यांची गल्लत होत नाही.

सगळी फ्रेम धरून किमान लांबी ६४ बाइट. ही किमान का, हे कळलं की इथरनेटचा स्वभाव कळतो. सेकंदाला एक कोटी बिट या जुन्या वेगाने ६४ बाइट तारेवर चढायला ५१.२ मायक्रोसेकंद लागत. तारेच्या पार दुसऱ्या टोकाला टक्कर झाली तर तिची खबर पाठवणाऱ्यापर्यंत त्याचं पाठवणं संपण्याच्या आत पोचली पाहिजे, म्हणून ही मर्यादा. आजच्या स्विचच्या जाळ्यात जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी असते, टक्कर होतच नाही. तरीही ६४ बाइटची किमान कायम आहे. ४०० गिगाबिटच्या पोर्टवरूनही तीच फ्रेम धावते, त्याच जागी तेच पत्ते. वेग वाढला, तारा बदलल्या, तांब्याच्या जागी काच आली. संगणकाला दिसणाऱ्या फ्रेमला कोणी हात लावला नाही, कारण हात लावला असता तर आधी विकलेलं प्रत्येक यंत्र मुकं झालं असतं.

माझ्या मते इथरनेटच्या यशाचं मूळ या वचनात आहे. जोडलेल्या संगणकाला काहीही कळू न देता बदल करायचे. स्विचमधले जवळपास सगळे प्रोटोकॉल या वचनापोटी जन्माला आले, आणि त्यांच्यातल्या अडचणीही त्याच्याच पोटी.

न सांगता शिकणारा डबा

१९८० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनपुढे प्रश्न होता की एक तार भरली, दुसरी टाकली, आता दोन्हींवरचे संगणक एकमेकांशी बोलणार कसे? तिथल्या मार्क केम्फ यांनी ब्रिज हा डबा केला. आजचा स्विच म्हणजे बरेच पोर्ट असलेला ब्रिजच. १९९० च्या सुमारास विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांच्या कल्पना या कंपनीने सात पोर्टांचा इथरस्विच बाजारात आणला आणि प्रत्येक पोर्टला आपली स्वतंत्र वाट मिळाली. पत्नीचं नाव कंपनीला देणारे भारद्वाज मूळचे भारतीय. सिस्को कंपनीने १९९४ मध्ये कल्पना विकत घेतली.

या डब्याची शिकण्याची रीत बघण्यासारखी आहे. त्याला कोणी यादी देत नाही. पाच नंबरच्या पोर्टमधून फ्रेम आली की तो पाठवणाऱ्याचा पत्ता वाचतो आणि आपल्या तक्त्यात नोंदवतो की हा पत्ता पाच नंबरला. पुढे कोणी त्या पत्त्यासाठी फ्रेम पाठवली की ती फक्त पाच नंबरलाच जाते. घेणाऱ्याचा पत्ता तक्त्यात नसेल तर ती आलेला पोर्ट सोडून बाकी सगळ्या पोर्टांवर जाते. ज्याची असेल तो उत्तर देतो आणि उत्तरातून त्याचाही पोर्ट कळतो. पाच मिनिटं एखाद्याचा आवाज आला नाही तर नोंद पुसली जाते, कारण कदाचित लॅपटॉप दुसऱ्या खोलीत गेला असेल.

काही फ्रेम मात्र मुद्दामच सगळ्यांसाठी असतात. संगणकाला प्रिंटरकडे काही पाठवायचं असतं, त्याचा आयपी पत्ता माहीत असतो पण मॅक अ‍ॅड्रेस माहीत नसतो. मग तो सगळ्यांना विचारतो, हा आयपी पत्ता कुणाचा? ही ब्रॉडकास्ट फ्रेम म्हणजे गावात पिटलेली दवंडी. स्विच ती प्रत्येक दारापर्यंत पोचवतो, पोचवावीच लागते.

इथे वर्तुळाचा धोका सुरू होतो.

समजा लॅबमधली एक पॅच कॉर्ड एका टोकाला सुटून लोंबकळते आहे. झाडलोट करताना कुणीतरी चांगल्या मनाने ते टोक त्याच स्विचच्या रिकाम्या पोर्टमध्ये खोचून टाकतं. आता पाच आणि सहा नंबरचे पोर्ट एकमेकांना जोडले गेले. एक नंबरच्या संगणकाने प्रिंटरचा पत्ता विचारला. प्रश्न बाकी सगळ्या पोर्टांवर गेला, पाचवरही. पाचवरून बाहेर पडलेली प्रत सहामधून आत आली. स्विचच्या लेखी ती नवी फ्रेम, म्हणून तो ती पुन्हा सगळीकडे पाठवतो, पाचवरही. ती पुन्हा सहामधून आत. सहावरून निघालेली दुसरी प्रत याच्या उलट दिशेने फिरते. या फिरण्याला शेवट नाही. गिगाबिटच्या पोर्टवरून लहानात लहान फ्रेम सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार जाऊ शकतात आणि बघता बघता पोर्ट त्या मर्यादेला टेकतो. प्रत्येक फेरीत प्रत्येक संगणकाला एक प्रत मिळते आणि सगळ्यांसाठी असल्यामुळे प्रत्येकाला ती वाचावी लागते. त्यातच स्विचचा तक्ता बिघडतो, कारण एक नंबरच्या संगणकाचा पत्ता आता पाचमधून आणि सहामधून येताना दिसतो, आणि त्याची उत्तरं भलतीकडे जातात. डब्यावरचे सगळे दिवे एका तालात झपाट्याने लुकलुकायला लागतात. नेटवर्कवाली मंडळी लांबूनच ते बघतात आणि म्हणतात, लूप लागलाय.

फ्रेमच्या मजकुरात जाणाऱ्या आयपीच्या पाकिटात याला उतारा आहे. त्यात एक आकडा असतो, एक जाळं दुसऱ्याला जोडणारा प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो, शून्य झाला की पाकीट टाकून दिलं जातं. भरकटलेलं पाकीट त्यामुळे आपोआप मरतं. इथरनेटच्या फ्रेममध्ये असा आकडा नाही. एकाच तारेसाठी केलेल्या रचनेत त्याची गरजच नव्हती. नंतर तो घालता आला नाही, कारण फ्रेमला हात लावायचा नाही हे वचन.

मग वर्तुळ होऊच द्यायचं नाही, हा उपाय सोपा वाटतो. पण दोन मजल्यांमध्ये एकच केबल असेल आणि ती उंदराने कुरतडली तर मजला बंद. म्हणून जाणकार माणूस दोन केबल टाकतो. दोन टाकल्या की वर्तुळ झालंच. जादा केबल हवी आणि वर्तुळ नको, या दोन रास्त मागण्यांमधून स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल निघाला.

राडिया पर्लमन यांचं झाड

राडिया पर्लमन डिजिटलमध्ये काम करत होत्या. एका शुक्रवारी त्यांच्या वरिष्ठांनी त्यांना हा प्रश्न दिला. ब्रिज कसेही जोडले तरी त्यांनी आपापसांत बोलून वर्तुळ तोडावं, केबल तुटली तर पर्यायी वाट उघडावी आणि जाळं कितीही वाढलं तरी प्रत्येक डब्याला लागणारी मेमरी वाढू नये. मग वरिष्ठ रजेवर गेले. पर्लमन यांनी मुलाखतींत सांगितलंय की उत्तर त्याच रात्री सुचलं, पुढच्या सोमवारी-मंगळवारी त्यांनी ते नीट लिहून काढलं, आणि उरलेला आठवडा हाताशी होता म्हणून त्यावर एक कविताही केली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाच्या सुरुवातीला ती कविता आहे. १९९० मध्ये ही पद्धत ८०२.१डी हे मानक झाली.

ती चालते अशी. प्रत्येक स्विचला आठ बाइटांची एक ओळख असते. पुढे दोन बाइट प्राधान्याचा आकडा, मागे सहा बाइट त्याचा स्वतःचा मॅक अ‍ॅड्रेस. सुरू होताना प्रत्येक स्विच समजतो की मीच मूळ. दर दोन सेकंदांनी तो शेजाऱ्यांना एक छोटा निरोप पाठवतो, त्याला बीपीडीयू म्हणतात. त्यात चार गोष्टी असतात: माझ्या मते मूळ स्विच कोण, तिथवर जायला मला किती खर्च पडतो, मी कोण आणि हा निरोप कोणत्या पोर्टमधून निघाला. आपल्यापेक्षा लहान आकड्याच्या मुळाचा निरोप आला की स्विच आपला दावा सोडतो आणि पुढे त्या लहान आकड्याचंच नाव सांगू लागतो. थोड्याच वेळात सगळ्या जाळ्यात एकच मूळ उरतं. मग प्रत्येक स्विच मुळाकडे जाणारी सर्वांत स्वस्त वाट धरतो. खर्च वेगावर ठरतो. जुन्या कोष्टकात १० मेगाबिटच्या वाटेला १००, १०० मेगाबिटला १९ आणि गिगाबिटला ४. ज्या वाटा या हिशेबात बसत नाहीत त्यांचं एक टोक बंद होतं. केबल जोडलेलीच राहते, दिवा पेटलेलाच असतो, फक्त त्या पोर्टमधून संगणकांच्या फ्रेम जात नाहीत. उरतं ते झाड. प्रत्येक ठिकाणी जायला एकच वाट आणि वर्तुळ कुठेही नाही.

या रचनेत कोणी साहेब नाही. सबंध जाळ्याचा नकाशा कोणत्याही डब्याकडे नाही. प्रत्येक जण फक्त शेजाऱ्याचं ऐकतो, लहान आकडा मान्य करतो आणि सगळे एकाच निष्कर्षावर येतात. डबे वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी येतात. चाळीस वर्षांनंतरही मला याचं नवल वाटतं.

याची एक व्यवहारी बाजू मात्र ध्यानात ठेवायला हवी. प्राधान्याचा आकडा कारखान्यातून ३२७६८ असाच येतो. कोणी तो बदलला नाही तर सगळे बरोबरीत आणि निवड मॅक अ‍ॅड्रेसवर होते. उत्पादक साधारणपणे चढत्या क्रमाने पत्ते देत जातात, त्यामुळे एकाच कंपनीच्या डब्यांत लहान आकडा बहुधा जुन्या डब्याचा असतो. म्हणजे कोपऱ्यात धूळ खात पडलेला सर्वांत मंद स्विच सगळ्या इमारतीचा मूळ स्विच होऊन बसतो आणि सगळी वाहतूक त्याच्याकडे वळते. मधल्या भरवशाच्या स्विचला ४०९६ असा लहान आकडा द्यायला एक मिनिट लागतं. ते मिनिट अनेक ठिकाणी कोणीच दिलेलं नसतं.

जुन्या ८०२.१डीचा वेगही आज परवडत नाही. पोर्ट उघडण्याआधी स्विच १५ सेकंद नुसता ऐकतो, मग १५ सेकंद पत्ते शिकतो. शेजाऱ्याचा निरोप यायचा थांबला तर २० सेकंद वाट पाहून मग हे सगळं. म्हणजे केबल तुटली की ५० सेकंदांपर्यंत नेट बंद. साधा संगणक जोडला तरी अर्धा मिनिट पोर्ट मुका राहतो, तेवढ्यात संगणक आयपी पत्ता मागून थकतो आणि स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा निरुपयोगी पत्ता घेऊन बसतो. म्हणून २००१ मध्ये ८०२.१डब्ल्यू ही जलद आवृत्ती आली. तिच्यात दोन शेजारी स्विच थेट विचारणा आणि होकार करतात आणि वाट बहुधा सेकंदाच्या आत बदलते. जिथे फक्त संगणक लागणार आहे तो पोर्ट कडेचा म्हणून जाहीर करता येतो, तो लगेच उघडतो. आज नवा मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा, स्विच घेतला तर ही जलद आवृत्तीच मिळते.

शांततेचा चुकीचा अर्थ

स्पॅनिंग ट्रीचा कच्चा दुवा त्याच्या मूळ गृहीतकात आहे. निरोप आला नाही म्हणजे पलीकडचा शेजारी गेला, असं तो धरून चालतो. पण शेजारी जिवंत आहे आणि कामाच्या लोंढ्यात त्याचा निरोप वाहून गेलाय, असंही होऊ शकतं. अशा वेळी बंद ठेवलेला पोर्ट उघडतो, वर्तुळ जुळतं, लोंढा आणखी वाढतो आणि आणखी निरोप हरवतात.

बोस्टनमधल्या बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटर या मोठ्या रुग्णालयात १३ नोव्हेंबर २००२ रोजी नेटवर्क कोलमडलं. रुग्णालय दोन संस्थांच्या विलीनीकरणातून झालेलं. त्याचं जाळं वर्षानुवर्षं स्विचला स्विच जोडत वाढत गेलेलं. एका संशोधकाच्या प्रयोगातल्या फाइल शेअरिंगच्या प्रोग्रॅमने त्यात प्रचंड डेटा सोडला. स्पॅनिंग ट्रीचे ठरावीक वेळांचे आकडे धरले तर जाळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सातपेक्षा जास्त स्विच नसावेत असा नियम आहे. इथे जाळं त्या मर्यादेपलीकडे पसरलेलं होतं. डबे वाट ठरवू शकेनात, वर्तुळं जुळत राहिली आणि घडी पुन्हा पुन्हा विस्कटली. जवळपास चार दिवस डॉक्टर आणि परिचारिका कागदावर काम करत होते. तपासण्यांचे निकाल माणसांच्या हाती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात होते. संगणकांच्या आधीच्या काळातली कागदी पद्धत तरुण डॉक्टरांना तिथल्या तिथे शिकवावी लागली.

सिस्कोचे अभियंते धावून आले. एका सलग पसरलेल्या जाळ्याचे राउटरच्या साहाय्याने तुकडे करण्यात आले, म्हणजे एका भागातलं वादळ दुसऱ्या भागात जाणार नाही. रुग्णालयाचे माहिती विभागप्रमुख जॉन हलाम्का यांनी घडलेलं काहीही लपवलं नाही. त्यांनी ते तपशिलाने सगळ्यांसमोर मांडलं आणि इतर नेटवर्क अभियंत्यांना त्यातून शिकता आलं. हलाम्का यांच्या या मोकळेपणाचं मोल मला त्यांनी नंतर बसवलेल्या यंत्रांपेक्षा जास्त वाटतं. आपल्याकडे असं काही झालं की 'सर्व्हर डाऊन आहे' एवढंच काउंटरवर सांगितलं जातं आणि त्यातून कोणीच काही शिकत नाही.

तुकडे, वीज आणि ओळखपत्र

तुकडे करण्याचं काम स्विचच्या आतही करता येतं. तेच ८०२.१क्यू, म्हणजे व्हीलॅन. १९९८ मध्ये आलेलं हे मानक फ्रेममध्ये, पाठवणाऱ्याच्या पत्त्यानंतर, चार बाइटांची चिठ्ठी घालतं. तिचे पहिले दोन बाइट हेक्साडेसिमल पद्धतीत ८१०० असतात, त्यावरून पुढचा स्विच ओळखतो की चिठ्ठी आहे. मग तीन बिट प्राधान्याचे, म्हणजे फोनवरचा आवाज आधी आणि फाइलची कॉपी नंतर असं ठरवता येतं. एक बिट गर्दीत आधी कोणती फ्रेम टाकून द्यायची ते सांगतो. उरलेले बारा बिट व्हीलॅनचा क्रमांक, त्यांतले ४०९४ वापरता येतात. पतपेढीचा हिशेब दहा नंबरच्या व्हीलॅनमध्ये, कॅमेरे वीसमध्ये, खातेदारांसाठीचं वायफाय तीसमध्ये. डबा एक, पण दहामधली दवंडी वीसमध्ये ऐकू येत नाही. एका तुकड्यातून दुसऱ्यात जायचं तर मध्ये राउटर लागतो आणि तिथे पहारा बसवता येतो. संगणकाच्या पोर्टवर फ्रेम देताना स्विच चिठ्ठी काढून घेतो, त्यामुळे संगणकाला यातलं काही कळत नाही. पुन्हा तेच जुनं वचन. अनेक लहान कार्यालयांत कॅमेरे, हिशेब आणि पाहुण्यांचं वायफाय एकाच सलग जाळ्यात असतं. तिथे कॅमेऱ्याचा पासवर्ड फुटला की हिशेबाच्या संगणकापर्यंत वाट मोकळी असते. व्हीलॅन करता येणारा स्विच थोडा महाग पडतो. तो खर्च करावाच, असं माझं स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रातल्या सोसायट्यांना सध्या सर्वांत जास्त भिडणारा आकडा ८०२.३एएफ, म्हणजे पीओई. कॅमेऱ्याला वेगळी वीज नको, नेटच्या केबलमधूनच द्यायची. स्विच डोळे मिटून वीज सोडत नाही. आधी तो दहा व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी दाब देऊन पलीकडे सुमारे २५ हजार ओहमचा रोध आहे का ते तपासतो. तो रोध म्हणजे मला वीज चालेल ही खूण. खूण नसेल तर वीज नाही, म्हणून त्याच पोर्टमध्ये साधा लॅपटॉप लावला तरी जळत नाही. २००३ च्या या मानकात स्विच प्रत्येक पोर्टवर १५.४ वॅट देतो आणि शंभर मीटर केबलमधली गळती धरून यंत्राला १२.९५ वॅटची खात्री असते. २००९ च्या ८०२.३एटीमध्ये हे ३० वॅटवर गेलं आणि २०१८ च्या ८०२.३बीटीमध्ये ९० वॅटपर्यंत.

खरेदी करताना मात्र खाली बारीक अक्षरात लिहिलेला एकूण वॅटचा आकडा वाचावा लागतो. आठ पोर्टांच्या स्विचवर एकूण ६५ वॅट लिहिलं असेल तर आठही पोर्टांना १५.४ देता येत नाहीत, त्याला १२३ वॅट लागतील. दिवसा कॅमेरे कमी वीज खातात, सगळं चालतं. अंधार पडला की त्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात, मागणी वाढते आणि स्विच शेवटचे एक-दोन पोर्ट बंद करतो. सकाळी पुन्हा सगळे कॅमेरे सुरू. नेमकं रात्रीचं चित्रण नसतं आणि दोष कॅमेऱ्याला दिला जातो.

बाकीच्या आकड्यांकडे भराभर जाऊ. ८०२.१एक्स पोर्टवर पहारा बसवतो. यंत्राने ओळख दिली आणि मागच्या सर्व्हरने ती मान्य केली तरच पोर्ट उघडतो. कॉलेज आणि मोठ्या कंपन्यांत हे असायलाच हवं. ८०२.१एबी, म्हणजे एलएलडीपी, दर तीस सेकंदांनी शेजाऱ्याला आपलं नाव आणि पोर्ट नंबर सांगतो. रॅकमधली कोणती केबल कुठे जाते हे शोधायला यासारखी सोय नाही. ८०२.१एएक्स दोन-चार केबल एकत्र बांधून एकच जाड वाट करतो. पण प्रत्येक संवाद त्यांतल्या एकाच केबलवरून जातो, त्यामुळे दोन गिगाबिटच्या केबल बांधल्या म्हणून एकच मोठी फाइल दुप्पट वेगाने जात नाही. आणि १९९५ पासून ८०२.३ मध्ये असलेलं ऑटो नेगोशिएशन, ज्यात दोन्ही टोकं वेग आपसांत ठरवतात, ते दोन्हीकडे चालूच ठेवावं. १०० मेगाबिटच्या वाटेवर एका बाजूने हाताने फुल डुप्लेक्स, म्हणजे जाणं-येणं एकाच वेळी, असं ठरवलं आणि दुसरी बाजू ऑटोवर राहिली, तर दुसरी हाफ डुप्लेक्स, म्हणजे एका वेळी एकच दिशा, धरते आणि लिंक असूनही सगळं रखडत चालतं.

शेवटी पुन्हा स्पॅनिंग ट्रीकडे. पर्लमन यांनी ब्रिजकडे नेहमीच तात्पुरती सोय म्हणून पाहिलं. खरी वाट राउटिंगची, असं त्यांचं मत. पुढे त्यांनीच ट्रिल ही पद्धत पुढे आणली. २०११ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत इथरनेटच्या फ्रेमवर फेऱ्या मोजणारा आकडा असलेलं आवरण चढतं. पुढच्या वर्षी आय ट्रिपल ईने आपली वेगळी पद्धत काढली. मोठ्या डेटा सेंटरांनी मात्र व्हीएक्सलॅनची वाट धरली, तिच्यात इथरनेटची फ्रेम आयपीच्या पाकिटात घालून पाठवतात. शाळा, दवाखाने, पतपेढ्या आणि सोसायट्यांत अजून स्पॅनिंग ट्रीच पहारा देतो आणि पुढेही बराच काळ देईल.

म्हणून एक विनंती. तुमच्या शाळेत किंवा संस्थेत स्विच घ्यायचा असेल तर कोटेशन मागतानाच ८०२.१डब्ल्यू आणि ८०२.१क्यू हे दोन आकडे लिहून द्या आणि पीओई हवा असेल तर एकूण वॅट विचारा. बजेट अगदीच तोकडं असेल तर निदान लूप डिटेक्शन असलेला, म्हणजे वर्तुळ ओळखणारा, डबा घ्या. बसवणाऱ्याला मधल्या स्विचचं प्राधान्य आपल्यासमोर ४०९६ करायला सांगा. नेट सुरळीत चालावं म्हणून कोणी स्पॅनिंग ट्री बंद करायला सांगितलं तर ऐकू नका. आणि प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना लेबल लावा.